एक मिनिट दहा सेकंद

गिरीजच्या आमच्या प्राथमिक शाळेत शारीरिक शिक्षणाचा तास बुधवारी आणि शनिवारी असे, म्हणजे वेळापत्रकात असे. प्रत्यक्षात त्या तासाला मी चौथीला भागाकार शिकवायची. मुलं कुरकुरायची, पालक खूश असायचे आणि शिट्टी घेऊन मैदानात उभं राहण्यापासून माझी सुटका व्हायची. मी रसायनशास्त्राची पदवीधर. विद्यार्थिनी असतानाही सामन्यांत मी गुण लिहायला बसायची, धावले कधीच नाही.

यंदा माजी विद्यार्थ्यांनी शाळेला खेळासाठी चाळीस हजार रुपये दिले. आता चेंडू येतील, मॅट येतील, असं सगळ्यांना वाटलं. मुख्याध्यापिका इझाबेल टीचरनी खेळांचं कपाट उघडलं. आत चार वर्षांपूर्वीचे सहा फुटबॉल पिशवीतून न काढता तसेच पडले होते. फुटला तर उत्तर कोण देणार, म्हणून कुणी हात लावला नव्हता. हवा भरल्यावर त्यांतले दोनच टिकले. त्या म्हणाल्या, आपल्याला वस्तू कमी नाहीत, धीर कमी आहे.

म्हणून पैसे उमेळ्याच्या डेरिकसाठी ठेवले. तो फुटबॉलचा प्रशिक्षक. तो तास घेईल आणि आपण सावलीत वह्या तपासू, असं आम्ही धरून चाललो होतो. पण अट उलटीच निघाली. डेरिकने मुलांना शिकवायचंच नाही. तास शिक्षकांनी घ्यायचा आणि त्याने नंतर शिक्षकांना शिकवायचं. असे सात शनिवार. आठव्या शनिवारी आम्ही एकट्याने तास घ्यायचा आणि शाळा समितीचे अध्यक्ष सेबॅस्टियन सर बघायला येणार. ज्याला जमणार नाही, त्याचा तास पुढच्या वर्षी बाहेरचा माणूस घेईल.

पहिल्या दिवशी मला तेच हवं होतं.

तरी तयारी पूर्ण केली. टेप लावून बरोबर दोन-दोन मीटरवर फक्कीच्या रेघा मारल्या. छत्तीस मुलांची एक रांग. एकेकाने धावत जायचं, चेंडू रिंगणात टाकायचा, परत यायचं. तीस मिनिटांत कुणी धक्काबुक्की केली नाही, कुणी पडलं नाही. मी समाधानाने डेरिककडे पाहिलं.

"टीचर, रांग फार सुंदर होती," तो म्हणाला आणि स्टॉपवॉच माझ्यापुढे धरलं. "अनुष्काचा वेळ धरला मी. तीस मिनिटांत ती हलली एक मिनिट दहा सेकंद."

आकडा मला समजणाऱ्या भाषेतला होता. अपमान वाटायच्या आधी कुतूहल वाटलं.

पुढच्या शनिवारी मी वहीत तक्ता आखला. सहा गट केले, तर अनुष्काची सात मिनिटं झाली. रांगच काढून टाकली, तर अकरा. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की आता अडचण फक्त चेंडूंची आहे. आमचे शिपाई स्टॅनी यांची केळीची वाडी आहे. त्यांनी सुकलेली पानं घट्ट वळून, दोरीने आवळून अठरा चेंडू आणले. लहानपणी ते अशाच चेंडूंनी खेळत.

"हे फुटत नाहीत, टीचर," ते म्हणाले. "कुणाला उत्तर द्यायला नको."

सहाव्या शनिवारी माझ्या लक्षात आलं, की शुक्रवारपासूनच मी तासाची वाट बघते आहे. आता तो बाहेरच्या माणसाला द्यायची माझी तयारी नव्हती. आणि म्हणूनच आठव्या शनिवारी तासाआधी मी वहीतलं टिपण तीनदा वाचलं. डेरिक नव्हता. निवृत्त बँक अधिकारी सेबॅस्टियन सर खुर्चीत ताठ बसले होते.

खेळ सोपा होता. मधोमध रेघ, दोन्हीकडे नऊ-नऊ चेंडू. आपलं अंगण साफ ठेवायचं, आलेला चेंडू पलीकडे फेकायचा. पण त्या दिवशी पस्तीसच मुलं आली. एका बाजूला अठरा, दुसऱ्या बाजूला सतरा. सतरांच्या बाजूने लगेच हरकत घेतली. हे माझ्या टिपणात नव्हतं. मी वही उघडून उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते, सरसुद्धा.

"विनया टीचर, तुम्ही या ना इकडे," त्या बाजूची अनुष्का म्हणाली. "म्हणजे सारखे होऊ."

मी वही आणि स्टॉपवॉच सरांच्या हातात दिलं आणि कुणीही एक मूल निवडून त्याचा वेळ धरायला सांगितलं. ओढणी कमरेला बांधली, शिट्टी वाजवली आणि धावले.

पहिलाच चेंडू माझ्या खांद्याला लागला. दुसरा मी झेलला. त्यानंतरचं मला क्रमाने सांगता येणार नाही. केळीच्या पानांचा भुसा केसांत होता, पलीकडचा सिद्धेश मला नेम धरून मारत होता, मी त्याला सोडत नव्हते. तास संपल्याची शिट्टी मी वाजवलीच नाही. स्टॅनींनी घंटा दिली तेव्हा सगळे थांबले. जिंकलं कोण, यावर वाद बराच वेळ चालला. त्यात मीही होते.

सरांनी वही परत दिली. समितीचा निर्णय काय, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

"तास तुमचाच," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "पुढच्या वेळी दोन मुलं कमी आली तर मला फोन कराल?"

वर्गात जाऊन मी तक्ता उघडला. अनुष्काच्या रकान्याखाली सरांनी नीट अक्षरात लिहिलं होतं: विनया टीचर, अठरा मिनिटं चाळीस सेकंद.