मालकाचा खरबरीत दात

बासष्ट साली आमच्या मालकानं समोरच्या किडक्या दातात अकोल्याच्या डॉक्टरकून दाताच्याच रंगाचं सिमिट भरून घेतलं. वर्षभरानं त्याच डॉक्टरनं दातावरचं किटण काढता काढता लोखंडी आकड्यानं ते सिमिटही खरवडलं. ते निघालं नाही, पण कानशीवानी खरबरीत झालं.

मालकानं सहज त्यावर काडी घासली, तर भस्सकन पेटली! तवापासून अख्खं मोर्शी गाव बिडी घेऊन आमच्या ओट्यावर. लग्नाचा नवरा जेवता जेवता उठून लोकायसमोर आ करते!

शेवटी मी भांडून डॉक्टरले घरी आणलं. म्हटलं, "आत्ताच्या आत्ता गुळगुळीत करून द्या."

डॉक्टरनं दात निरखून पाहिला. मान हलवली. खिशातून सिगरेट अन् काडी काढली.

"खुशालराव," म्हणे, "जरा आ करा."