तीन तुकड्यांची थाळी

मित्रांनो, मी संग्रहालयातली एक जुनी थाळी आहे. माझ्या पोटात निळ्या वेलींमधून एक ससा धावतो आणि काठावर अरबी अक्षरांत लिहिलं आहे, 'जेवणाऱ्याला बरकत लाभो.' लोक नक्षी पाहून खूश होतात आणि माझ्या अंगावरचे तारेचे टाके पाहून हळहळतात. ते टाके कसे पडले, ते सांगते.

दोघा सख्ख्या भावांनी मला घडवलं. थोरला नक्षी काढायचा, धाकटा भट्टी सांभाळायचा. धाकट्याचे हात कोपरापर्यंत भाजलेले असत. पण गिऱ्हाईक यायचं ते थोरल्याच्या कुंचल्याची वाहवा करायचं. भट्टीकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. थोरलाही सगळी शाबासकी मुकाट्याने पदरात पाडून घेई. धाकटा आतल्या आत धुमसत राहिला.

एका दुपारी तो भट्टीतली लोखंडी सळई घेऊन आत आला. आधी त्याने फळीवरची भांडी फोडली, एकही ठेवलं नाही. मग थोरल्याच्या खांद्यावर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. थोरला कोसळला. सळई पुन्हा वर गेली, तोच थोरल्याची बायको स्वयंपाकघरातून धावत आली. ती मला पुसत होती, म्हणून मीही तिच्या हातातच होते.

"वहिनी, बाजूला व्हा."

"नाही होणार, भाऊजी."

तिने मला नवऱ्याच्या डोक्यावर आडवं धरलं. घाव माझ्यावर बसला. माझे तीन तुकडे झाले, तिचं मनगट मोडलं, आणि माझाच एक तुकडा तिच्या गालात घुसला. जमिनीवर रक्ताचं थारोळं झालं. ते पाहून धाकट्याच्या हातातली सळई गळून पडली. तो पळाला तो कित्येक वर्षं फिरकलाच नाही.

थोरल्याचा उजवा हात पुन्हा वर उठला नाही. भट्टी विझली ती विझलीच. वहिनीने मात्र माझे तुकडे वेचून कारागिराकडून सांधून घेतले.

एक दिवस धाकटा दारात उभा राहिला, केस पिकलेले, मान खाली. थोरल्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. वहिनीने वाकड्या हाताने माझ्यातच वाढलं. टाके दिसले आणि त्याचा घास हातातच राहिला.

"जेवा, भाऊजी. थाळी गळत नाही."

तो रडत रडत जेवला. थोरला त्याच्याशी शेवटपर्यंत बोलला नाही.

मित्रांनो, मला जपा, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा. पण कुणी कुणावर हात उगारला, तर आमची फिकीर करू नका. हाताशी येईल ते मध्ये धरा. फुटलेलं डोकं सांधणारा कारागीर मी अजून पाहिलेला नाही.