दांड्यावरचा रुमाल

मित्रांनो, मी एक जुना, तापट ट्रान्सफॉर्मर आहे. लातूरच्या एका महाविद्यालयातल्या जुन्या उपकरणांच्या दालनात मला उभं केलं आहे. मुलं माझं फाटलेलं पोट बघतात आणि सर सांगतात, आतली गुंडाळी जळाली. एवढंच सांगून पुढे जातात, याचा मला फार राग येतो.

मुरुडजवळच्या शिवारात खांबांवर बसून मी वर्षानुवर्षं मोटारी चालवल्या. तिथे मला सगळे डीपी म्हणत. उसाला पाणी सुरू असलं की कौतुक, बंद पडलं की दगड. पंचाक्षरी आणि राजशेखर हे सख्खे भाऊ, पण एकमेकांना पाण्यात बघत. भार वाढला की वितळून वीज तोडणारी बारीक तार माझ्या पेटीत असायची. ती सारखी जाते म्हणून दोघांनी तिथे जाडजूड तार कोंबली. त्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं होतं.

त्या दुपारी लाईनमन सलीम तुटलेली तार जोडायला आला. त्याने माझ्या खांबाखालचा, वीज चालू-बंद करणारा खटका पाडला आणि त्याच्या दांड्याला आपला रुमाल बांधला. वर माणूस आहे, याची आमच्याकडे तीच खूण. मग खांबावर चढून, चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून, त्याने तारा साखळीने जमिनीशी जोडल्या.

तेवढ्यात भाऊ आले. लाईन तूच बंद पाडलीस, यावरून दोघांत जुंपली. पंचाक्षरीच्या काठीने राजशेखरचं डोकं फुटलं. रक्ताने माखलेला राजशेखर खटक्याकडे धावला.

"अप्पा, दांड्याला हात लावू नका, मी वर हाय," सलीम ओरडला.

"आधी माझी मोटार चालू व्हऊ दे, मग बघतो या पंचाक्षरीला," म्हणत राजशेखरने रुमाल ओरबाडून फेकला आणि दांडा रेटला.

साखळीतून सगळी वीज जमिनीकडे धावली. बारीक तार असती तर क्षणात वितळली असती. जाड तार वितळली नाही. सलीमच्या हाताशी जाळ फुटला, त्याचा शर्ट पेटला. माझं तेल उकळलं, पोट फाटलं, आणि मी जळालो तेव्हाच वीज थांबली. सलीम पेटलेलाच खाली कोसळला.

"डीपी गेली. आता उसाचं कसं?" राजशेखर म्हणाला.

दोघा भावांची आई सिद्धम्मा धावत आली होती. ती पदराने सलीमची आग विझवत होती. "मेल्याहो, माणूस जळायलाय अन् उसाचं काय इचारता?"

लातूरला पोचायच्या आत, जीपमध्येच सलीम गेला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण वीज गेली म्हणून खटक्याकडे धावाल, तेव्हा आधी मान वर करून बघा. वरून कोणी 'मी हाय' म्हणालं, तर ऐका. सलीम म्हणाला होता.