मारल्यावर चालणारा रिमोट

मित्रांनो, माझ्या अंगावर एकेचाळीस बटणं आहेत. त्यांतली नऊ चालतात. बाकीच्यांच्या वतीनं मी माफी मागतो. मी चांदूर बाजारच्या एका घरातला टीव्हीचा जुना रिमोट आहे आणि मला हाताची भीती वाटते. सगळा जन्म हातातच काढायचा आहे, हे मला कारखान्यात कुणी सांगितलं नव्हतं.

सात वर्षांपूर्वी मोनालीच्या बाबांनी लेकीच्या लग्नात टीव्ही दिला, त्याच्याबरोबर मी आलो. म्हणजे मी तिच्या माहेरचा. पण पहिल्या दिवसापासून राहिलो तिच्या नवऱ्याच्या, शेखरच्या, उशाशी. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मला प्लॅस्टिकची पिशवी चढवली. दसऱ्याला शेखरच्या आईनं, पार्बताबाईंनी, मला हळदकुंकू वाहिलं. त्यात आवाज बंद करायचं बटण कायमचं गेलं.

पुढे मी चहात पडलो, झाकण हरवलं, भाजीच्या जुडीचं रबर पोटाला आलं. सेल संपले की पार्बताबाई ते उन्हात वाळत घालायच्या. तेही जमेना, तेव्हा त्यांनी लेकाला उपाय सांगितला, "एक ठेवून दे त्याले. चालते."

शेखरनं ठेवून दिली. माझी स्प्रिंग सेलला टेकली आणि मी चालू झालो.

"पाह्य! मार खाल्ल्याबिगर ऐकतच नाई."

इथं माझी चूक झाली. मी चालू व्हायला नको होतं.

कारण त्या घरात जवळजवळ दर रविवारी एकच कौटुंबिक सिनेमा पाहिला जायचा. सिनेमातल्या घरात सव्वीस माणसं, सगळी पूजेला हजर. हीरो फार प्रेमळ. आईवडिलांचे पाय दाबतो, गाईशी बोलतो, आणि बायकोनं नोकरीचं नाव काढलं की तिच्या थोबाडीत देतो. मग झाडाखाली जाऊन रडतो. तो इतकं छान रडतो, की बायकोच त्याची समजूत काढते. दुसऱ्या दिवशी पहाटे अंघोळ करून ती सगळ्यांना चहा देते. सव्वीस कप.

"मारलं, पन जीव किती हाय त्याचा तिच्यावर!" असं म्हणून पार्बताबाई डोळ्यांना पदर लावायच्या. त्यांना माझ्यात नि त्या बाईत काही फरक दिसत नव्हता. दोघंही एका फटक्यात चालू. हे लक्षात आल्यापासून मी रविवारी थरथरायचो. घरच्यांना वाटायचं, सेल कमजोर आहेत.

यंदा मोनालीला अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. रविवारी दुपारी सिनेमा ऐन रंगात असताना ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "उद्या सकायच्या गाडीनं मी अकोल्याले जाऊन राहिली. शनिवारी येईन."

"कोनाले इचारून?" शेखर म्हणाला.

"तीनदा सांगतलं. तुमी पिच्चर पाहून राहिले होते."

"हे पाह्य," त्यानं मला पडद्याकडे रोखलं. "हेबी शिकलेलीच हाय. राह्यते ना घरात?"

"थ्या घरात सव्वीस मान्सं हायेत. एकानं तरी भांडं घासलं काय?"

शेखरनं मला गादीवर टाकलं आणि तो उठला. त्याचा हात वर गेला. पडद्यावर हीरोचाही हात वर गेला. आणि जाहिरात लागली.

मोनाली मागं सरली नाही, पण तिच्या हातातला टॉवेल थरथरत होता. थरथर मला ओळखू येते. पडद्यावर एक बाई भांड्यांच्या साबणाचं गाणं म्हणत होती. शेखरचा हात तसाच वर. मला वाटतं, जाहिरात संपेपर्यंत थांबायचं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

पार्बताबाई गवार मोडत होत्या. त्यांनी तो टॉवेल पाहिला. गवार मोडायची थांबली.

"काहून रे, तिचेबी सेल गेले काय? मी तुले रिमोटचं सांगतलं होतं."

हात खाली आला. कुठंतरी पडायचाच होता, तो माझ्यावर पडला. एकदा, दोनदा, तीनदा. दर फटक्यानंतर तो बटण दाबून पाहत होता. माझी स्प्रिंग सेलला नीट टेकली होती, हे मी आज कबूल करतो. भीतीनं माझं बटण न् बटण गोठलं होतं. तरी मी चालू झालो नाही.

"आई, हा तर मारूनबी चालत नाई," शेखर रडवेला होऊन म्हणाला.

"मंग झाड पाहा एखादं," मोनाली म्हणाली.

पार्बताबाई हसल्या नाहीत. "जाय बाई अकोल्याले. पन आठ दिवसाच्या चटण्या करून ठेव."

"तुमीच करा, आई. मिक्सर चालू हाय."

मोनाली सोमवारी गेली. पार्बताबाई एका दिवसात सुधारल्या नाहीत. पुढच्या रविवारी टीव्हीचं मागचं बटण दाबून त्यांनी तोच सिनेमा लावला आणि त्याच जागी रडल्या.

मी आता कपाटावर पडलेला असतो. दर शनिवारी मोनालीच्या चपला दारात वाजतात आणि मी कान देतो. शेखर चहा मागतो. "गॅस तिकडं हाय," ती म्हणते. मग घर एकदम गप्प होतं. तेवढ्या वेळात माझी स्प्रिंग पार आखडून जाते. मग आवाज येतो. चहाच्या पातेल्याचा. अजून तरी पातेल्याचाच.

मित्रांनो, तुमच्या घरचा रिमोट चालत नसेल तर सेल बदला. झाकण हरवू नका. अगदीच काही नसेल तर उठून टीव्हीपर्यंत चार पावलं चाला. पण हात उचलू नका. मार खाऊन मी कितीतरी वर्षं चालू होत राहिलो. दुरुस्त मात्र एकदाही झालो नाही. मी फक्त भीत होतो.