लहानू गुरुजींचे दोन टोल

मी एक रुळाचा तुकडा बोलतोय. घाबरू नका, भाषण करणार नाही. ते खातं आमच्या गावात गुलाबभाऊंकडे आहे. ते शाळा समितीचे अध्यक्ष आणि गावातल्या एकुलत्या एक माइकचे मालक.

माझी उमेदीची वर्षं नागभीडकडच्या छोट्या लाईनीवर गेली. पुढे रूळ बदलले आणि माझा हातभर तुकडा कापून बाजूला टाकला गेला. १९८० साली लहानू गुरुजींनी मला बैलगाडीत घालून पोंभुर्ण्यापलीकडच्या आपल्या शाळेत आणलं आणि मोहाच्या झाडाला तारेनं टांगलं. शाळा भरली की मला मारायचं, सुटली की मला मारायचं, एवढाच माझा शिक्षणाशी संबंध. गुरुजी पोरांवर हात उचलत नसत, त्यामुळे त्या शाळेत मार खाणारा मी एकटाच.

मोहफुलं पडू लागली की पोरं शाळेत येत नसत. आईबापांबरोबर पहाटेच जंगलात जात. मग गुरुजीही पाटीखडू घेऊन जंगलात जायचे आणि पोरं फुलं वेचत असताना त्यांच्याकडून पाढे म्हणून घ्यायचे. दुसऱ्या गावात अशा मास्तराचं कौतुक झालं असतं. आमच्या चावडीवर निष्कर्ष निघाला, "मास्तराले घरी काम नसन."

घरी त्यांना केसरबाई होत्या. लहानपणी केसरबाईंना देवी आल्या आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेल्या. सरकारी नोकरीचा मुलगा आणि आंधळी बायको, हे गणित गावाला शेवटपर्यंत सुटलं नाही. गुरुजींनी ते कुणाला समजावूनही सांगितलं नाही.

त्यांचं घर नाल्यापलीकडे, शाळेपासून दहा मिनिटांवर. शाळा सुटल्याची लांबलचक बडवणी लच्छू शिपाई करायचा. ती थांबली की गुरुजी स्वतः हातोडी घ्यायचे. दोन टोल दिले की समजायचं, निघालो. एकच दिला की समजायचं, उशीर आहे, वाट पाहू नको. दोन ऐकले की केसरबाई चूल पेटवून चहा ठेवायच्या. चहा उकळेपर्यंत गुरुजी दारात. सात वर्षांत तो एकदाही उतू गेला नाही.

बायको असावी पण इतकी आवडू नये, असा आमच्या गावाचा दंडक. गुलाबभाऊंना तर ते दोन टोल कानात खुपायचे. त्यांनी वरती अर्ज केला की शाळेच्या साधनाचा खासगी वापर होतो. साहेब जीपमधून आले, शाळेपेक्षा माझ्याकडेच जास्त वेळ पाहत राहिले आणि गुरुजींकडून खुलासा मागून गेले. गुरुजींनी एका ओळीत लिहून दिलं, "शाळा सुटल्यावरचे दोन टोल माझ्या वेळेतले आहेत." साहेबांनी तो कागद कुठे ठेवला माहीत नाही. टोल मात्र चालू राहिले.

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात गुरुजींना हिवताप झाला आणि चार दिवसांत ते गेले. सांगायला लाज वाटत नाही, मी लोखंड असूनही त्या आठवड्यात माझा आवाज मलाच ओळखू येईना.

शोकसभेत गुलाबभाऊ माइकवर रडले. "गुरुजी मले बापाच्या जागी होते," म्हणाले. दोघांचं वय सारखंच होतं, पण अशा वेळी कोण हिशेब करतो. मग त्यांनी गुरुजींच्या नावानं शाळेला पितळी घंटा देत असल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, हे पोरांना शिकवायचं गुरुजींकडून राहून गेलं असावं.

महिनाभरानं घंटा आली. तिच्यावर कोरलं होतं, "कै. लहानू गुरुजी यांच्या स्मरणार्थ", आणि खाली दुप्पट मोठ्या अक्षरांत गुलाबभाऊंचं नाव. छप्पन सालापासून ज्यानं बुद्धाखेरीज कुणापुढे हात जोडले नाहीत, त्या माणसाला गुलाबभाऊंनी परस्पर कैलासावर धाडलं. आणि गुरुजींची आठवण राहावी म्हणून त्यांनी आणलेल्या मला झाडावरून काढून गवतात फेकलं.

तोवर एक गोष्ट गुपचूप चालली होती. गुरुजी गेल्यावरही लच्छू रोज संध्याकाळी दोन टोल देत होता. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. पितळी घंटा आली त्या दिवशी गुलाबभाऊंनी ते बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी केसरबाई काठी टेकत शाळेत आल्या. गुलाबभाऊ तिथेच घंटेखाली उभे होते.

"लच्छूभाऊ, काल दोन टोल काऊन नाई वाजले?"

गुलाबभाऊ म्हणाले, "बाई, गुरुजी आता नाई राह्यले. कोनासाठी वाजवाचे?"

"ते नाई राह्यले हे मले मालूम हाये," केसरबाई म्हणाल्या. "पन त्या टोलावर माही चूल पेटते, भाऊ. काल बसल्या बसल्या दिवस कवा बुडला, मले समजलंच नाई. दोन टोल वाजवत नसान, तर ते लोखंड मले द्या."

"शाळेची मालमत्ता हाये. अशी देता येत नाई."

कालपासून ओल्या गवतात गंजत पडलो होतो, तेव्हा मी मालमत्ता नव्हतो. मागणारं कुणी आल्यावर झालो. लच्छूनं गुलाबभाऊंकडे पाहिलं नाही. तो गवतात उतरला, मला खांद्यावर टाकलं आणि भर दुपारी, सगळ्या गावादेखत नाल्यापलीकडे घेऊन गेला. गुलाबभाऊ घंटेखालीच उभे राहिले. जवळ माइक नव्हता.

केसरबाईंच्या अंगणातल्या आंब्याला त्यानं मला टांगलं. संध्याकाळी लांबून पितळी घंटेचा नाजूक आवाज आला. केसरबाई उठल्या, चाचपडत माझ्यापर्यंत आल्या, अंगावरचा गंज पदरानं पुसला. लच्छूनं हातोडी त्यांच्या हातात दिली. मीही अंग ताठ करून दोन टोलांची तयारी केली.

त्यांनी एकच दिला.

"बाई, अजून एक राह्यला," लच्छू म्हणाला.

"नाई," केसरबाई म्हणाल्या. "बरोबर हाये. त्यायले सांगून राह्यली, मले उशीर हाये."

आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. तेव्हापासून मी रोज एकच टोल खातो. तुम्ही कधी त्या बाजूला आलात आणि संध्याकाळी तो ऐकलात, तर मोजण्यात चूक झाली असं समजून दुसरा मारू नका. दुसरा टोल केसरबाईंचा आहे, आणि त्यांना अजून उशीर आहे.