चष्मेवालीची वही

चष्मेवालीचं काहीतरी शिजतंय, हे मोठीबाईनं केव्हाच ताडलं होतं. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात एकोणीस वर्षं काढलेली बाई ती, चादरीचा नुसता वास घेऊन वॉर्ड सांगणारी. तिच्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्याजणी डबे उघडून बसायच्या आणि ही नवी बया इस्त्रीच्या यंत्रामागे वहीत खरडत असायची. मोठीबाई दिसली की वही फटकन बंद! एवढं कसलं गं गुपित?

महिन्यापूर्वी वरून फर्मान आलं होतं. कामाची पाळी संपली की प्रमुखानं अहवाल इंग्रजीत लिहायचा: कोणी कोणाला काय दिलं, कोणी कोणाकडून पुन्हा धुवून घेतलं, सगळं. जिचा अहवाल नीट नसेल तिची खुर्ची जाणार आणि तिनं मळक्या कपड्यांच्या टेबलापाशी उभं राहायचं. मोठीबाई पाळीची प्रमुख, पण तिला इंग्रजीत सही तेवढी येत होती. तीच करून ती कोरा कागद पेटीत टाकायची आणि देवाचं नाव घ्यायची. पेटी वर नेऊन द्यायचं काम चष्मेवालीचं.

परवा साहेब जिन्यात म्हणाले, "बाई, अहवाल छान असतात हं तुमचे!" टोमणाच तो! म्हणजे साहेबांनी कोरे कागद पाहिले, आणि वहीतल्या चुगल्याही पोचल्या. हिला माझी खुर्ची हवीय. मग बाईनंही कंबर कसली. "ती नवी कामात लक्ष देत नाही, काढा तिला," असं साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांचा तिच्यावर विश्वास. सोमवारपासून चष्मेवालीला नारळ द्यायचं ठरलं.

तेवढ्यानं बाईचं समाधान होईना. शुक्रवारी तिनं चष्मेवालीच्या पिशवीतून वही उचलली आणि घरी लेकीपुढे टाकली.

"वाच. माझ्याबद्दल काय काय गरळ ओकलीय ते."

लेक पानं उलटता उलटता हसायला लागली. "अगं, ही तर शिकतेय! 'मी गेव्ह शी' लिहिलंय, मग खोडून 'आय गेव्ह हर'. आपला 'मी' तिकडे त्या जागी चालत नाही ना! पन्नासदा घोटलंय बिचारीनं. हिम, हर, देम, सगळ्यांना जागेवर बसवलंय."

"आणि पुढे?"

पुढे लेकीचं हसू थांबलं. "आई, हे तुझे अहवाल आहेत. रोजचे, तारखेसकट. 'मी तिला वीस चादरी दिल्या, त्या पुन्हा धुवायला सांगितल्या.' खाली तुझं नाव. ही कच्चं इथं लिहिते आणि मग तुझ्या कोऱ्या कागदावर उतरवते."

"बंद कर ती वही," मोठीबाई म्हणाली. तिनं ती उचलून आपल्या पिशवीत टाकली. मेले, सांगायचं तरी होतंस!

शनिवारी सकाळी ती धुलाईखान्याचं दार उघडते तोच चष्मेवाली धावत आली. चेहरा पांढराफटक. तिनं मोठीबाईला कोपऱ्यात ओढलं.

"बाई, रागावू नका. तुमचे कागद मीच भरत होते. आधी विचारलं असतं तर तुम्हाला ओशाळल्यासारखं झालं असतं, म्हणून गप्प राहिले. पण माझी वही कोणीतरी चोरली हो! साहेबांच्या हाती लागली तर तुमची खुर्ची जाईल. तुमचा कोणावर संशय आहे का?"

मोठीबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पिशवीत हात घातला आणि वही काढून चष्मेवालीच्या हातात दिली.

"मीच चोरली. आणि सोमवारपासून तुला कामावरून काढलंय, तेही माझंच काम."

चष्मेवाली एक पाऊल मागे सरकली.

"चल वर, साहेबांकडे," मोठीबाई म्हणाली. "कागद कोणी भरले ते सांगते त्यांना. खुर्ची गेली तर गेली."

चष्मेवालीनं वही छातीशी घट्ट धरली.

"तुम्ही पुढे व्हा," ती म्हणाली. "मी मागून येते."

आणि जिना चढताना तिनं दोघींमध्ये पाच पायऱ्यांचं अंतर ठेवलं.