समुद्र हरवलेल्या देशाचा नकाशा

मी एक जुना, कापडावर चिकटवलेला दक्षिण अमेरिकेचा नकाशा आहे. रिठदजवळच्या एका शाळेत मी खिळ्याला टांगलेला असतो. पण स्वस्थ कुठला! पंखा फिरला की माझी खालची काठी भिंतीवर टकटक करते आणि पोरं म्हणतात, "नकाशाच्या आंगात आलं!"

छापखान्यातून आलो तेव्हा माझे रंग ओल्या हळदीसारखे होते. खूप कौतुक झालं. मग कितीतरी वर्षं मी कपाटामागे गुंडाळलेला पडून होतो. पालीनं माझ्यात अंडी घातली. शेवटी योगिनी मॅडमनी मला बाहेर काढलं, बाळाचं तोंड पुसावं तसं हळूच पुसलं आणि परत टांगलं.

त्या दिवशी त्यांनी चिली आणि बोलिव्हियाची लढाई सांगितली. साल १८७९. दोघं शेजारी. वाळवंटातल्या सोऱ्यावरून जुंपली. सोरा खताला लागतो आणि बंदुकीच्या दारूलाही. नदीवरचे पूल तोडून मूठभर बोलिव्हियन उभे राहिले आणि हरले. युद्ध संपलं तेव्हा त्यांच्या देशाला समुद्राकडे जायला वाटच उरली नाही.

"खतासाठी लढाई? शेलूबाजारात खताच्या लायनीत रोजच होते!" गोलू ओरडला.

सगळे हसले. सोनी हसली नाही. शेजारी बसलेल्या वैजयंतीला ती म्हणाली, "तू चिली हायेस. तुह्या बापानं नांगरता नांगरता आमचा धुरा कोरला. आता आमची बैलगाडी वावरात कुठून जाईन?"

आणि ती उठून मागच्या बाकावर गेली.

मित्रांनो, तेव्हापासून मला चैन नव्हतं. दोन शेतांमधला तो बांध, म्हणजे त्यांचा धुरा, मला दिसत नाही. मला फक्त बाकं दिसतात.

पालकसभेला वैजयंतीचे वडील जगदेव आले. पोरीनं त्यांना ओढतच माझ्यासमोर आणलं आणि सगळी लढाई सांगितली. त्यांनी बोलिव्हियावर बोट ठेवलं.

"मंग? भेटला का समुद्र वापस?"

"नाही बाबा. अजून मांगूनच राह्यले."

"इतके वर्सं?"

"हो. अन् सोनी माह्याशी बोलत नाही."

त्यांनी बोट काढून घेतलं. सोनी दारातच उभी होती.

"ए पोरी, तुह्या बाबाले सांग, उद्या दोरी घेऊन या म्हना. धुरा संगंच मोजू."

आता सोनी परत त्याच बाकावर आली आहे. पण दोघींच्या मध्ये एक दप्तर ठेवलेलं आहे.

मित्रांनो, मला फाडू नका, गुंडाळून विसरू नका, हे तर सांगतोच. पण आधी कुणीतरी ते दप्तर उचला ना!